ती खोली रिकामीच होती, भाटोजी

भाटोजी, परवा तुम्ही पुन्हा माझं मनगट दाबलं.

शाळेमागच्या लिंबाखाली बसलो होतो. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच माझ्या तोंडून गोष्ट निघाली होती. तीच, तलावातल्या मरळीची. मासा हातभर होता तोवर लोक नुसते ऐकत होते. मग तो बैलाएवढा झाला. मग त्यानं पाण्याबाहेर डोकं काढून माझ्याकडे विडी मागितली. मी काडी ओढणार, तेवढ्यात डाव्या मनगटावर ती पकड आली. अंगठा आतून, बोटं बाहेरून. मी थांबलो, बाजूला पाहिलं. बाजूला कोणी नव्हतं. लोक अजूनही तुमची जागा सोडूनच बसतात.

"मंग काय झालं गा, सदाशिव?" कोणीतरी विचारलं.

"काई नाई झालं. मासा हातभरच होता."

माझ्या गोष्टीतला मासा आजवर कधी लहान झाला नव्हता. कोणी हसलं नाही. एकेक जण धोतर झटकत उठला आणि घरी गेला.

हे वाचणाऱ्या परक्या माणसाला सांगायला पाहिजे की हे भाटोजी म्हणजे उरकुडाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. आमच्या भागात साळ्यानं भाटव्याची थट्टा करायची आणि भाटव्यानं ती सोसायची, हा कायदाच आहे. मी तो जन्मभर पाळला. तुमच्या लग्नात तुमच्या घोड्याला मी भांग पाजली होती आणि तो घोडा नवरदेवाला घेऊन लाखांदूरच्या बाजारात वांगी विकत घ्यायला गेला, असं मी सांगतो. घोडा नव्हताच, बैलगाडी होती, हे गावाला माहीत आहे. तुम्हालाही माहीत होतं. तरी तुम्ही चारचौघांत मला कधी खोटं पाडलं नाही. गोष्ट फार वर गेली की फक्त मनगट दाबायचे. पुरे, असा त्याचा अर्थ. बैलापर्यंत सूट होती. विडीपाशी तुम्ही धरायचे.

तुमचं वय, तुमचे धान, तुमची भावकी सांगणारे गावात पुष्कळ आहेत. मला ते सांगायचं नाही. आपलं भांडण अर्ध्यावर राहिलं आहे, आणि भांडण अर्ध्यावर टाकून उठून जायची तुमची रीत नव्हती. म्हणून लिहायला बसलो.

आपल्या तलावाचं पाणी शेपटाकडून सुटतं. बाहेरच्याला हे उलटं वाटतं. तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला लागून ज्याची बांधी, म्हणजे धानाचं वावर, त्याचे धान आधी भिजावे, असं कोणीही म्हणेल. पण आपल्याकडे पाटाच्या अगदी शेवटी ज्याची बांधी, त्याची बारी पहिली. कारण वरच्याला काही नाही तरी पाझर मिळतो, आणि शेवटच्याला मागं ठेवलं तर त्याच्यापर्यंत पोचतो तो नुसता चिखल. हे वाटप गावानं तुमच्या हाती दिलं होतं. खांद्यावर फावडं टाकून तुम्ही पाटापाटानं फिरायचे. माझी बांधी पाळीला लागून. मी तुमचा सख्खा साळा. आणि पाणी मला सगळ्यांच्या शेवटी. भंडारा जिल्ह्यात एवढा कमनशिबी साळा दुसरा झाला नाही.

एका कोरड्या साली माझे धान पिवळे पडले. माझी बारी यायला अवकाश होता. तेव्हा तुम्ही तुमच्या स्वतःच्या बारीचं पाणी माझ्या बांधीत वळवलं. लोक कुरकुरले, तर म्हणाले, "बारी माही हाय. मी माही कोणालेही देईन. पण त्याची बारी मी पुढं नाई आणत." तुमचे धान त्या साली निम्मे आले. मी तुम्हाला कधी आभार म्हटलं नाही. साळे म्हणत नसतात. आता म्हणतो.

तुमच्या डोक्यात सगळ्या जगाचं वाटप असंच बसलं होतं. निस्तार हा आपला जुना शब्द. जंगलातलं सरपण, ढोरांची चराई, तलावाचं पाणी, हे गावाला कोणी देत नाही, ते गावाचं असतंच. तुमचं एकच म्हणणं होतं: दवाखानाही निस्तारात पाहिजे. तलावाच्या पाळीवर बसून आपण यावर किती भांडलो असू. माझ्या सवयीनं सांगायचं तर आपल्या आवाजानं मासे बहिरे झाले.

"निस्तारातलं लाकूड आणाले गेलं तरी गार्डाले कोंबडी द्या लागते, भाटोजी," मी म्हणायचो.

"म्हणून का लाकूड त्याच्या बापाचं झालं?"

"नाई झालं. पण कोंबडी तं गेली ना."

"तुह्याच्यासारखे कोंबडी देतेत म्हणून ते मांगतेत."

माझं मत साफ होतं. हक्क मागणाऱ्याला दवाखान्याचा ओटा मिळतो आणि थाप मारणाऱ्याला खाट. हे मत मी हवेतून आणलं नव्हतं. तुमच्याच घरात ते खरं करून दाखवलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढल्या साली बाई अडली. आपल्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात, म्हणून इथंही तसंच लिहितो. मूल आडवं होतं. सुईणीनं हात टेकले. गाडीत तणस टाकून, मग एसटीच्या मागच्या बाकावर तिला आडवी करून आपण मोठ्या दवाखान्यात गेलो. कोणत्या, ते लिहीत नाही. तुम्हीच म्हणायचे, नाव घेतलं की लोक एकालाच शिव्या देतात अन् बाकीचे सुटतात.

कंपाउंडर म्हणाला, जागा नाही. त्याचं खोटं नव्हतं. खाटेखालीही माणसं होती. तुम्ही हात जोडून उभे राहिले. मी नाही राहिलो. मी त्याच्यावर ओरडलो, की या कोण आहेत ओळखलं नाही काय, मंत्रीसाहेबांची भाची आहे, साहेब मागून जीपनं येत आहेत, वाटेत चाक बसलं म्हणून तेवढा उशीर. कोणते मंत्री ते मी सांगितलंच नाही. ज्याला ज्या मंत्र्याचं भेव, त्यानं तो समजून घेतला. बाईच्या पायाला गाडीवाटेचा चिखल होता. त्याचं मी सांगितलं, की मंत्र्याच्या घरी हल्ली गांधीजींसारखं अनवाणी फिरायची चाल पडली आहे. तेवढ्यात फिनाईल आलं, पांढरी चादर आली, बाई आत गेली. भाचा जन्मला. इतका मोठ्यानं रडला, की जीपचा हॉर्न वाजला समजून कंपाउंडर दारात जाऊन उभा राहिला.

ही गोष्ट मी हजार वेळा सांगितली. पण ती खाट कुठून आली, ते मी पाहिलं नव्हतं. तुम्ही पाहिलं होतं. एका पोटुशी बाईला त्यांनी खाटेवरून उठवून ओट्यावर पाठवलं. तिची गोधडी उचलून तुम्हीच तिला दिली, आणि विचारलं, "कोण्या गावची वो बाई?" ती म्हणाली, "आंबागडची."

भाच्याचं नाव ठेवून झालं आणि तुम्ही आंबागडला गेले. किल्ल्याच्या पायथ्याचं गाव, आपल्यापासून जिल्ह्याचं दुसरं टोक. एसट्या बदलत गेले आणि बदलत आले. घरी आल्यावर पाय धुतले, भाच्याला मांडीवर घेतलं आणि मला बोलावलं.

"याच्या डोक्शावर हात ठेव," तुम्ही म्हणाले.

"काहून?"

"ठेव. अन् म्हण, भाटव्यासाठी दवाखान्यात कधी थाप नाई मारीन."

भाचा म्हणजे आमचं दैवत. मामा भाच्याच्या पाया पडतो. त्याच्या टाळूवर हात ठेवून घेतलेला शब्द मोडणारा मामा आमच्या भागात अजून जन्मला नाही. मी म्हटलं तुम्ही सांगितलं तसं. मग विचारलं, "ती बाई मेली काय, भाटोजी?"

तुम्ही काही बोलले नाहीत. तेव्हाही नाही, पुढं कधीच नाही. बाईनं विचारलं, तिलाही नाही. मी मनाशी धरून चाललो, की मेली. बाईनंही तेच धरलं. तिनं त्या अनोळखी बाईच्या नावानं दर अखाडीला, म्हणजे आषाढातल्या पुनवेला, एक दिवा पाण्यात सोडला, हे तुम्हाला माहीत नसेल. तिनं तुमच्यापासून लपवलं होतं.

मग एका साली तापाची साथ आली. आपण गावचे आजारी घेऊन त्याच दवाखान्यात गेलो आणि तुम्ही तुमच्या आयुष्यातला सर्वांत मोठा घोळ केला. ओट्यावर बाजार भरला होता. तुम्ही एकेकाला विचारत सुटले, "कोण्या गावचे? कोण्या गावचे?" आणि ज्याचं गाव सर्वांत लांब, त्याला दाराशी नेऊन बसवलं. त्याची शेवटची एसटी आधी सुटते म्हणून. दवाखान्याजवळचे लोक पार शेवटी गेले. एका दुकानदारीणबाईनं विचारलं, "हे कोण्या मुलखाचा कायदा हाय?" तर तुम्ही शांतपणे म्हणाले, "तलावाचा." धानवाले शेतकरीच होते सगळे. त्यांना ते एका घासात उतरलं. आपापलं गाव सांगत सरकत गेले. मी सांगतो, त्या दिवशी ओट्यावर जी रांग लागली, तशी रेशनच्या दुकानातही कधी पाहिली नाही.

डॉक्टर बाहेर आले. तरुण माणूस, डोळ्यांत झोप. हे कोणी केलं, म्हणाले. तुम्ही पुढं झाले.

"कल्पना चांगली आहे हो, उरकुडाजी," ते म्हणाले. "पण तुमच्या तलावात पाणी असतं. माझा तलाव कोरडा आहे. डॉक्टर मी एकटा, आणि औषधांचं कपाट तुम्ही पाहा."

"आमचा बी कोरडा पडते, डाक्टरसाहेब. कोरड्या सालीच तं वाटप लागते. भरल्या साली कोण इचारते, बारी कोणाची म्हणून?"

डॉक्टर उभ्या उभ्या चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, घटनेत जगण्याचा हक्क लिहिला आहे, पण उपचाराचा हक्क असा कुठं लिहिलेला नाही. लोकांचं आरोग्य सरकारनं सुधारावं, एवढं आहे.

"म्हंजे जगायचा हक्क हाय, बरं व्हायचा नाई," तुम्ही म्हणाले.

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. माझ्याकडे याला उत्तर होतं, पण तेवढ्यात खरोखरची जीप आली. या वेळी माझ्या पोटातून निघालेली नव्हती, पेट्रोलवर चालणारी होती. त्यातून एक पोट दुखणारे गृहस्थ उतरले आणि सरळ आत गेले. तुमची रांग उभी होती तिथंच विरघळली. जो तो दाराकडे धावला. सर्वांत लांबचा म्हातारा सर्वांत मागं पडला. परत येताना एसटी स्टँडच्या भिंतीवर रंगवलेलं वाचून दाखवलं मी तुम्हाला: सन दोन हजारपर्यंत सर्वांसाठी आरोग्य. म्हटलं, "पाह्यलं? आज बैलाले भूक लागली अन् मालक म्हणते, चारा पुढच्या पोळ्याले." तुम्ही हसले नाहीत. म्हणाले, "पण सर्वांसाठी लिवलं हाय ना. कोणाच्या तरी मनात तं आलं."

असे तुम्ही. तुमच्यावर माझा राग आहे, तो हा. तुम्हाला भिंतीवरचा एक शब्द पुरायचा.

औंदा पाट साफ करताना तुमच्या तळपायात गंजका पत्रा घुसला. उपकेंद्रात गेले, तर धनुर्वाताचं इंजेक्शन संपलेलं. नर्सबाई म्हणाल्या, साठा आला की निरोप धाडते. तुम्ही हळद भरून पाय बांधला. साठा आला तोवर जखम वरून बुजली होती. "भरली," तुम्ही म्हणाले, आणि इंजेक्शनाची बारी दुसऱ्याला सोडली.

मग घास तुटेनासा झाला. जबडा ताठला. मी काय म्हणालो, आठवतं? म्हणालो, "भाटोजी, देवानं माह्यं आयकलं. आता मी बोलीन अन् तुमी नुसते आयकान." साळ्याची थट्टा. तुम्ही मिटल्या दातांनी हसायचा प्रयत्न केला. ते हसू मला आता भर दुपारी दिसतं. बांधीत वाकलेलो असतो आणि खाली पाण्यात ते दिसतं.

मी एकट्यानं तुम्हाला त्याच मोठ्या दवाखान्यात नेलं. बाई भाच्याला शेजारी ठेवून मागच्या एसटीनं निघणार होती. डॉक्टर गावोगावच्या शिबिराला गेलेले. कंपाउंडरनं, आता नवा होता, इंजेक्शन दिलं, जेवढं होतं तेवढं. म्हणाला, याला अंधार पाहिजे आणि शांतता पाहिजे, आवाज झाला की झटका येतो. आणि तुम्हाला ओट्यावर टाकलं, कारण आत जागा नव्हती.

ओट्यावर शांतता म्हणजे पोळ्याच्या दिवशी मुकी हलगी. लेकरं रडत होती. कोणाचा तरी पितळी गडवा फरशीवर पडला आणि तुमचं अंग धनुष्यासारखं वर उचललं गेलं, फक्त टाचा आणि डोकं खाली. मी आजवर सांगितलेल्या गोष्टींतल्या एकाही भुतानं असं केलं नव्हतं. ऊन तुमच्या डोळ्यांवर येत होतं. मी धोतराची सावली धरून उभा होतो.

आणि ओट्याच्या टोकाला ती खोली होती. दार बंद, खिडकीला हिरवा पडदा, आत एक खाट, तिच्यावर पांढरी चादर. वरच्या कोणासाठी कायम राखून ठेवलेली. खिडकीतून मी आत पाहिलं. रिकामीच होती. अंधार होता, थंडगार होती, जशी पाहिजे तशी. किल्ली कंपाउंडरच्या कमरेला.

त्याला मी साधं विचारलं आधी. "वरून फोन आला तं माही नोकरी जाईल, बाबा," तो म्हणाला. त्याची भीती खरी होती. अशा भीतीचं मला काय करायचं असतं, ते मला पाळण्यात असल्यापासून ठाऊक आहे. एक वाक्य पुरलं असतं. भाच्याच्या टाळूवरचा शब्द आठवत होता, पण मी म्हटलं, पाप लागलं तर मला लागेल. मी घसा खाकरला. "तुले मालूम हाय काय, हे कोण हायेत?" एवढं मी बोललो. जीप माझ्या जिभेवर चालू होऊन उभी होती.

आणि तुम्ही माझं मनगट धरलं.

डावं मनगट. अंगठा आतून, बोटं बाहेरून. आयुष्यभरात कधी धरलं नव्हतं इतकं जोरात. मी तुमच्या डोळ्यांत पाहिलं. डोळे उघडे होते, माझ्याकडेच होते.

"कोण हायेत?" कंपाउंडरनं विचारलं. त्याचा हात कमरेकडे गेला होता.

मी म्हणालो, "माह्ये भाटवे."

तो निघून गेला. बाई संध्याकाळच्या आधी पोचली. तिच्या मागोमाग डॉक्टर शिबिरावरून आले, ओटा चढता चढता त्यांनी तुम्हाला पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलले ते किल्लीचं. कोणाचा माणूस, विचारलं नाही. म्हणजे खोली तुम्हाला मिळाली, भाटोजी. थाप न मारता मिळाली. पांढऱ्या चादरीवर, अंधारात, शांततेत तुम्ही गेले. फक्त मिळायला उशीर झाला. सकाळीच मिळाली असती तर वाचले असते काय, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही, कदाचित हो, कदाचित नाही. मग म्हणाले, हे मला दरवेळी सांगावं लागतं.

आणि तुम्हाला घरी नेताना कंपाउंडर गाडीपर्यंत आला होता. माझ्या मनगटावरचे वळ त्यानं पाहिले. म्हणाला, "धनुर्वातात मुठी आपोआप आवळतेत, बाबा. माणसाले मालूम बी नसते."

हे त्यानं मला सांगायला नको होतं. आता माझ्याजवळ तीन मनगटं आहेत. एक म्हणतं, नको बोलू. एक म्हणतं, बोल, लवकर बोल, मला वाचव. आणि एक काहीच म्हणत नाही, नुसतं आवळतं. परवा लिंबाखाली जे आलं, ते यांतलं कोणतं होतं, ते तरी सांगा.

बाईनं तेरा दिवस मला काही विचारलं नाही. चौदाव्याला, तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "साऱ्या दुनियेसाठी थापा मारल्या तुनं. माह्या कुकवासाठी काहून चूप रायला?"

मी म्हटलं, "आण होती, बाई. त्यायनंच घातली होती. आंबागडच्या त्या बाईपायी."

"ते मेली, ते तं गेली. तिच्यामांग हे बी जावं असं कोणं लिवलं होतं?"

म्हणून मी आंबागडला गेलो. तुम्ही गेले होते तसाच, एसट्या बदलत. मला कशासाठी जायचं होतं, ते स्वच्छ सांगतो. ती मेल्याचं तिच्या घरच्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. ते ऐकलं की माझं गप्प बसणं पक्कं झालं असतं. एकदा थाप मारली तर एक जीव गेला, म्हणून दुसऱ्यांदा मारली नाही. असा हिशेब बाईपुढं ठेवता आला असता.

किल्ल्याखालच्या वाटेवर एका म्हाताऱ्यानं घर दाखवलं. अंगणात एक बाई मोहफुलं वाळत घालत होती. मी विचारलं, त्या साली मोठ्या दवाखान्यात बाळंतपणाला गेलेल्या बाईचं घर हेच काय.

"मीच ते," ती म्हणाली. "काहून?"

मी तिथंच खाली बसलो. तिनं पाणी दिलं. शेवंता तिचं नाव. ओट्यावरच बाळंत झाली, पोरगी झाली, पोरगी चांगली आहे, शाळेत जाते. मी विचारलं, माझ्याआधी कोणी आलं होतं काय. ती म्हणाली, "आला होता एक भाऊ. पाणी देल्लं तं हातात धरूनच बसला. म्हणे, बाई, तुही खाट आमी घेतली, माफी मांगाले आलो. मी म्हटलं, कायची माफी गा भाऊ? मले तं वाटलं होतं ते खाट मले चुकूनच भेटली. आमच्यासाठी थोडीच ठेवतेत खाटा. उठ म्हणले तं उठली." ती फुलं पसरत होती. "मंग तो भाऊ उठलाच. पाणी बी नाई पेला. लय वाईट वाटलं असन त्याले काईतरी."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. ती जिवंत होती, पोर जिवंत होती, माझ्या थापेनं कोणी मेलं नव्हतं. आणि तरी तुम्ही घरी येऊन माझा हात भाच्याच्या डोक्यावर ठेवला. आणि का बोलले नाहीत, तेही कळलं. ती वाचली असं सांगितलं असतं, तर मी मांडीवर थाप मारून म्हणालो असतो, पाह्यलं, कोणाचं काय गेलं? तिचं काय गेलं होतं, ते मला समजलं नसतं. चुकून भेटली, म्हणते. ती बाई खाटेवर होती तेव्हाही तिला ती आपली वाटली नव्हती.

परतीच्या एसटीत गोष्ट आपोआप तयार होऊ लागली. शेवंता मेली. पोर आईविना वाढलं. तुम्ही तिच्या सारवलेल्या अंगणात रडले. एवढं सांगितलं तर बाईच्या मनातलं तुमचं मरण मोठं होईल आणि मीही सुटेन. थापांच्या माझ्या धंद्यात इतकी सोपी, इतकी उपयोगाची थाप दुसरी आली नव्हती. तुम्ही या एसटीत नव्हते. मनगटावर काही आलं नाही. मी वाट पाहिली.

घरी बाई ओसरीवर होती. भाचा शेजारी पाटीवर गणित सोडवत होता.

"होती काय?" तिनं विचारलं.

"हाय," मी म्हणालो. "मोहफुलं वाळवत होती. पोरगी झाली तिले. शाळेत जाते."

आणि शेवंता जे बोलली, ते सगळं सांगितलं, एक शब्द न वाढवता. चुकून भेटलेल्या खाटेचंही. बाई ऐकत राहिली. मग फार हळू, भाच्याला ऐकू जाऊ नये अशी म्हणाली, "मंग तू बोल्ला असता तं कोणाचंच काई गेलं नसतं. खोली तं रिकामीच होती."

 यावर तुम्ही काय म्हणाले असते ते मला माहीत आहे, भाटोजी, पाळीवर इतकी वर्षं ऐकलं आहे: थापेनं भेटली ते बी चुकूनच भेटली. पण तिला ते माझ्या तोंडून नको होतं. ती माझ्या पलीकडे, तुमच्या रिकाम्या जागेकडे पाहत होती, आणि उत्तराची वाट पाहत होती.